ऊर्जा अक्षय्य असते, मग माझं उत्तर चूक कसं?

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, विज्ञानात मार्क चांगले पडायचे. आता फिजिक्सच्या चौथ्या धड्याच्या युनिट टेस्टला 25 पैकी 7 मिळाले. सूत्रं सगळी पाठ आहेत, त्यांची वेगळी वही केली आहे. पण गणित समोर आलं की ऊर्जा लावायची, संवेग लावायचा की टॉर्क, तेच कळत नाही. टेस्टमध्ये एक गणित होतं. 10 ग्रॅमची गोळी सेकंदाला 400 मीटर वेगाने येते आणि दोरीला टांगलेल्या 1.99 किलोच्या लाकडी ठोकळ्यात घुसून अडकते, तर ठोकळा किती वर जाईल? मी ऊर्जा अक्षय्यतेने सोडवलं, 40 मीटर आलं. सरांनी फुली मारून ‘सूत्र चूक’ एवढंच लिहिलं. पण ऊर्जा अक्षय्य असते ना? दुसरी शंका अशी की टॉर्कचं एकक न्यूटन-मीटर आणि ऊर्जेचंही तेच, मग टॉर्क म्हणजे ऊर्जाच का? वर्गात शंभर मुलं आहेत, विचारायला लाज वाटते. बाबा म्हणतात, कर्ज काढू पण लातूरला क्लास लावू. आई म्हणते, झेपत नसेल तर कॉमर्सला जा. काय करू?
– अकरावीतली एक मुलगी, जि. नाशिक

अगं, पंचवीसपैकी सात मिळालेल्या मुलीचे प्रश्न असे नसतात. दोन्ही शंका इतक्या नेमक्या आहेत की आधी त्यांचीच उत्तरं देते. क्लासचं आणि कॉमर्सचं शेवटी बघू.

तुझं 40 मीटर घे. चाळीस मीटर म्हणजे अंदाजे तेरा मजली इमारत. दहा ग्रॅमची गोळी लागली आणि दोन किलोचं लाकूड तेराव्या मजल्यावर गेलं, हे डोळ्यांसमोर आण बरं. उत्तर लिहून झाल्यावर दोन सेकंद थांबून असं चित्र बघितलं असतंस, तर फुली सरांच्या आधी तूच मारली असतीस. आकडा आला की तो खरोखरच्या जगात बसतो का, हे बघायची सवय आजपासून लाव.

आता मुद्द्याचं. ऊर्जा अक्षय्य असते, शंभर टक्के खरं. पण सगळ्या प्रकारची ऊर्जा मिळून अक्षय्य असते. गोळीची गतिज ऊर्जा 800 ज्यूल, हे तू बरोबर काढलंस. त्यापुढे तू असं धरलंस की त्या आठशेच्या आठशे ज्यूलनी ठोकळा वर उचलला. गोळी लाकडात घुसताना काय होतं ते बघ. लाकडाचे तंतू तुटतात, भोक पडतं, गोळी चपटी होते, दोन्ही तापतात, आवाज होतो. या सगळ्याचा खर्च त्याच आठशेतून जातो. तो किती जातो हे तुला आधीपासून माहीत नाही, म्हणून धडकेच्या क्षणी ऊर्जेचं समीकरण मांडताच येत नाही. नियम मोडलेला नसतो, फक्त त्यातली एक मोठी रक्कम आपल्याला दिसत नसते.

तिथे संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, कामाला येतो. गोळी ठोकळ्याला जेवढ्या बलाने पुढे ढकलते, तेवढ्याच बलाने ठोकळा गोळीला मागे ढकलतो, आणि दोघांचं हे ढकलणं अगदी तेवढाच वेळ चालतं. त्यामुळे गोळीने गमावलेला संवेग पूर्णच्या पूर्ण ठोकळ्याला मिळतो. गोळीचा संवेग 0.01 गुणिले 400, म्हणजे 4. अडकल्यानंतरचं एकूण वस्तुमान 2 किलो. वेग आला सेकंदाला 2 मीटर. इथे संवेगाचं काम संपलं.

यापुढे ठोकळा वर चढतो. आता गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतंय, दोरी तिरकी ओढतेय, म्हणजे बाहेरची बलं आली आणि संवेग टिकणार नाही. पण या टप्प्यात काही तुटत नाही, तापत नाही. दोरीचा ताण चालीला कायम काटकोनात असतो, त्यामुळे तो कार्यही करत नाही. म्हणून आता ऊर्जा बिनधास्त लाव. 2 किलो, सेकंदाला 2 मीटर, गतिज ऊर्जा 4 ज्यूल. गुरुत्व त्वरण 10 धरलं तर उंची 0.2 मीटर, म्हणजे वीस सेंटिमीटर. आठशेतले 796 ज्यूल लाकूड फोडण्यात आणि तापवण्यात गेले.

तुझ्या मनात पुढचा प्रश्न आला असेल: उष्णतेच्या रूपाने ऊर्जा निसटते, तशी संवेग का निसटत नाही? हे नीट समजलं की निम्मा धडा हातात आला. लाकूड तापतं म्हणजे त्याचे कण जास्त जोरात थरथरतात. काही डावीकडे, काही उजवीकडे, काही वर, काही खाली. ऊर्जेला दिशा नसते, त्यामुळे प्रत्येक कणाच्या थरथरीची ऊर्जा बेरजेत जमा होत जाते आणि चांगली मोठी होते. संवेगाला मात्र दिशा असते. डावीकडचा आणि उजवीकडचा एकमेकांना खोडून काढतात, बेरीज शून्य. म्हणून उष्णतेत ऊर्जा भरपूर दडून बसते, पण संवेगाला तिथे दडायला जागाच नाही.

हा टांगलेला ठोकळा काही पेपर काढणाऱ्यांच्या डोक्यातून आलेला नाही. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1742 मध्ये तोफविद्येवरच्या आपल्या पुस्तकात तो मांडला. बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायला तेव्हा दुसरं साधन नव्हतं. ठोकळा किती झुलला ते मोजायचं आणि उलट हिशेब करत गोळीच्या वेगापर्यंत यायचं. हा हिशेब तुझ्या रीतीने केला असता, तर वेग जवळपास चौदापटीने कमी आला असता आणि गोळी हायवेवरच्या मोटारीइतकी निघाली असती! करून बघ, सेकंदाला जेमतेम 28 मीटर येतात.

ऊर्जा आणि संवेग यांत घोळ होतो म्हणून स्वतःला मठ्ठ समजू नकोस. या घोळावरून युरोपातले मोठमोठे लोक काही दशकं भांडत होते. देकार्तचे अनुयायी म्हणायचे, चालत्या वस्तूतला जोर वस्तुमान गुणिले वेग. 1686 मध्ये लाइब्निझने लिहिलं की हे चूक आहे, वेगाचा वर्ग घ्यायला हवा. पुढे हॉलंडच्या ’स ग्रावेसांडने पितळेचे गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने पडलेला गोळा मातीत चौपट खोल रुतला. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या बाईंनी 1740 च्या आपल्या पुस्तकात लाइब्निझची बाजू उचलून धरली. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चं फ्रेंच भाषांतर केलं ते यांनीच, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर 1759 मध्ये पूर्ण छापून आलं. शेवटी लक्षात आलं की दोन्ही बाजू खऱ्याच, पण वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या. बल किती अंतरभर लागलं हे बघितलं की ऊर्जेतला बदल मिळतो. बल किती वेळ लागलं हे बघितलं की संवेगातला बदल मिळतो.

स्कूटरवर बघ. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रतिसेकंदाने उतरतो असं धर. स्कूटर 2 सेकंदांत थांबते आणि तोवर 10 मीटर जाते. आता वेग दुप्पट कर, ताशी 72. ब्रेक तेच. थांबायला 4 सेकंद लागतात, म्हणजे दुप्पट. पण अंतर होतं 40 मीटर, चौपट. वेळ संवेगाच्या मागे जातो आणि अंतर ऊर्जेच्या. हे आकडे न बघता स्वतः काढ. मग गणितात ‘किती अंतरात थांबेल’ आलं की हात आपोआप ऊर्जेकडे जाईल, आणि ‘किती सेकंदांत’ किंवा ‘बॅटला चेंडू किती वेळ टेकला होता’ आलं की संवेगाकडे.

तुझ्या गोंधळाला पुस्तकाचाही थोडा हातभार आहे. स्टेट बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात न्यूटनचे नियम, कार्य-ऊर्जा प्रमेय, संवेग, टक्कर, आवेग, टॉर्क, बलयुग्म, वस्तुमान केंद्र हे सगळं त्या एकट्या चौथ्या धड्यात कोंबलेलं आहे. एनसीईआरटीने याच मजकुराला तीन स्वतंत्र धडे दिलेत. आमच्या कॉलेजात हा धडा दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून शिकवायचो, तरी घाई व्हायचीच. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, हिंदीतूनही आहेत. कार्य-ऊर्जेचा आणि घूर्णन गतीचा असे दोन धडे उतरवून घे आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं कर, तेवढी पुरेत.

आता टॉर्क, म्हणजे बलाची वस्तू फिरवण्याची ताकद. एकक सारखं म्हणून गोष्ट एकच, असं नाही. मोटारीच्या चाकाचा गंजलेला नट डोळ्यांसमोर आण. अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला तू 200 न्यूटन बलाने काटकोनात दाबलंस. टॉर्क झाला 100 न्यूटन-मीटर. नट ढिम्म हलला नाही. तू किती ऊर्जा दिलीस? शून्य, कारण विस्थापन शून्य. टॉर्क भरपूर आणि कार्य काहीच नाही. म्हणजे दोन्ही एक असूच शकत नाहीत. आता त्याच टॉर्कने नट पाव फेरा फिरला असं समज. पाव फेरा म्हणजे 1.57 रेडियन, आणि कार्य झालं 157 ज्यूल. टॉर्कला कोनाने गुणलं तेव्हा कुठे ऊर्जा आली. कार्यात बल आणि अंतर एकाच दिशेचे घ्यायचे असतात, टॉर्कमध्ये एकमेकांना काटकोनात. म्हणून टॉर्कपुढे ज्यूल कधीही लिहायचं नाही. पेपर तपासणारा माफ करत नाही.

टॉर्कची गणितं बिघडतात ती बहुतेक एकाच ठिकाणी: कोणत्या बिंदूभोवती टॉर्क मोजायचा हे मुलं ठरवतच नाहीत. रंगाऱ्याची परांची पाहिली असशील. 4 मीटरची फळी, वजन 20 किलो, दोन टोकांना टेकवलेली. 60 किलोचा रंगारी डाव्या टोकापासून 1 मीटरवर उभा आहे. दोन्ही टेकूंवर किती भार? अज्ञात दोन आहेत, म्हणून मुलं घाबरतात. तू सरळ डाव्या टेकूवर बोट ठेव आणि टॉर्क त्याच बिंदूभोवती घे. डाव्या टेकूच्या बलाला तिथे भुजाच (बिंदूपासूनचं अंतर) नाही, त्याचा टॉर्क शून्य, एक अज्ञात गेलं. फळीचं वजन 200 न्यूटन, मध्यावर, 2 मीटरवर, म्हणून 400. रंगारी 600 न्यूटन, 1 मीटरवर, म्हणून 600. बेरीज 1000. उजवा टेकू 4 मीटरवर आहे, म्हणून त्याचं बल 250 न्यूटन. एकूण वजन 800, तेव्हा डावीकडे उरले 550. ताळा पाहायचा तर उजव्या टोकावर बोट ठेवून परत कर, तेच येईल. भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणितही असंच सुटतं. ज्या बलाची माहिती नाही आणि विचारलेलीही नाही, ते जिथे लागतं तिथेच बोट ठेवायचं.

एक प्रयोग घरी कर. कणकेच्या परातीखाली पुस्तक घालून चालेल का, असं विचारू नकोस, सपाट फळीच लागेल. तिचं एक टोक थोडं उचल. रुपयाचं नाणं आणि आईची रुंद पाटली एकाच रेषेतून, न ढकलता, घरंगळत सोड. (पाटली आईला विचारून घे.) एका वेळी जमलं नाही तर पाच-सहा वेळा कर. नाणं पुढे जाईल. पाटली जड असली, मोठी असली तरी नाणंच पुढे. चढावर साठलेली ऊर्जा घरंगळताना दोन कामांत वाटली जाते, पुढे जाण्यात आणि गरगर फिरण्यात. पाटलीचं सगळं वस्तुमान कडेला असतं, त्यामुळे तिच्या वाट्याची निम्मी ऊर्जा फिरण्यातच जाते. नाण्याची फक्त एक तृतीयांश जाते. याचं पूर्ण गणित बारावीच्या पहिल्याच धड्यात आहे. आत्ता डोळ्यांनी बघून ठेव.

कॅरम घरी असेल तर आणखी एक. स्ट्रायकर 15 ग्रॅमचा आणि सोंगटी 5 ग्रॅमची धर, टक्कर समोरासमोर आणि पूर्ण स्थितिस्थापक. स्ट्रायकरचा वेग निम्मा राहतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. इथे संवेग आणि गतिज ऊर्जा दोन्ही जुळतात, आकडे घालून तपास. गोळी आणि ठोकळ्याचं गणित याच्या शेजारी मांडून ठेवलंस की ‘अडकून राहिले’ आणि ‘उडून वेगळे झाले’ यातला फरक परत विसरणार नाहीस.

आता तुझ्या त्या सूत्रांच्या वहीबद्दल. फाडू नकोस, पण पंधरा दिवस कपाटात ठेव. गणित घेतलंस की पहिल्यांदा चित्र काढ आणि ज्या वस्तूंचा विचार करणार आहेस त्यांच्याभोवती पेन्सिलीने तुटक रेषेचं कुंपण घाल. मग कुंपणाबाहेरून आत कोण ढकलतंय ते बाणाने दाखव. बाहेरून कोणी ढकलत नसेल, तर संवेग टिकला. आत काही तुटत, घासत, तापत, चिकटत नसेल, तर यांत्रिक ऊर्जा टिकली. काही फिरतंय किंवा फिरू नये म्हणून अडवलंय, तर बिंदू ठरवून टॉर्क. आणि गोष्ट दोन टप्प्यांत घडत असेल तर दोन चित्रं, दोन कुंपणं. एवढं झाल्यावर जे सूत्र लागेल ते तुला पाठ आहेच. सुरुवातीला एका गणिताला वीस मिनिटं लागतील, लागू देत. दिवसाला तीन गणितं अशी केलीस तरी खूप झाली.

माध्यमाचं तू ओझरतं लिहिलंस, पण माझ्या मते दुखणं तिथेही आहे. इंग्रजी वाक्य समजून घेण्यातच दम जातो आणि विचार करायला उरत नाही. नववीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक काढ. पहिले दोन धडे, ‘गतीचे नियम’ आणि ‘कार्य आणि ऊर्जा’, एका बसण्यात वाचून होतील. प्रत्येक गणित सोडवण्याआधी ते तुझ्या शब्दांत, मराठीत, एका ओळीत लिही: कोण आलं, कुणाला धडकलं, काय विचारलंय. उत्तर इंग्रजीत लिही, विचार मराठीत कर.

सरांविषयी. शंभर मुलांच्या वर्गात ‘सूत्र चूक’ यापेक्षा जास्त लिहायला त्यांना वेळ नसणार. ते फार चांगलं नाही, पण त्यात तुझ्यावर राग नाही. तासाला विचारू नकोस, स्टाफरूमच्या दाराशी गाठ आणि गणित सोडवलेलं कागदावर घेऊन जा. ‘सर, समजलं नाही’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षक टाळू शकतो. ‘सर, धडकेच्या वेळी ऊर्जा वापरायची नाही ना?’ असं विचारणाऱ्याला टाळणं अवघड जातं, स्वानुभवाने सांगते.

बाबांना माझ्या वतीने सांग, या धड्यासाठी कर्ज काढू नका. लातूरच्या क्लासमध्येही हाच धडा आहे आणि तिथेही वर्ग भरलेलेच असतात. फी, खोलीचं भाडं, खानावळ, सगळं मिळून कर्ज मोठं होतं आणि त्याचं ओझं मुलीच्या डोक्यावर बसतं. एमएचटी-सीईटीला अकरावीचा भाग साधारण वीस टक्के असतो आणि तिथे चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, हेही त्यांच्या कानावर घाल. तुला जेईई किंवा नीट द्यायची असेल तर अकरावीचं वजन बरंच वाढतं, तेव्हा ते आधी घरात बसून ठरवा. क्लासचा विषय त्यानंतरचा.

आईलाही सांग, कॉमर्स हा काही न झेपणाऱ्यांचा कोपरा नाही. अकाउंट्स आवडत असेल, तर खुशाल जावं. पण चौथ्या धड्यात सात मार्क पडले म्हणून जाऊ नये. पुढची युनिट टेस्ट होऊ दे, मग तिचा पेपर, मार्कांसकट नव्हे, तू काढलेल्या चित्रांसकट मला पाठव.